तळोज्याच्या साहेबांना शिस्त कोण लावणार?

नोव्हेंबर 2020. तळोजा मध्यवर्ती कारागृहातले कच्चे कैदी, मानवाधिकार कार्यकर्ते गौतम नवलखा यांचा चष्मा चोरीला गेला. चष्म्यावाचून त्यांना जवळजवळ दिसत नाही. घरच्यांनी टपालाने नवा पाठवला, तर कारागृहाने तो घेतलाच नाही, परत धाडला! 8 डिसेंबरला मुंबई उच्च न्यायालयाने ऐकवले, की माणुसकी सर्वांत महत्त्वाची आणि आता कारागृह अधिकाऱ्यांसाठीही कार्यशाळा घ्यायची वेळ आली आहे. ज्यांच्या हाती हजारो माणसांचे अन्नपाणी आणि औषध, त्यांना माणुसकीचा पहिला धडा न्यायालयाने द्यावा, ही महाराष्ट्राला लाज आणणारी गोष्ट आहे.

त्याच तुरुंगात 83 वर्षांचे कच्चे कैदी फादर स्टॅन स्वामी होते. कंपवाताने हात इतका थरथरे की पेला तोंडाला लागत नसे. नळीच्या पेल्यासाठी या वृद्धाला न्यायालयात अर्ज करावा लागला. 5 जुलै 2021 रोजी ते न्यायालयीन कोठडीत असतानाच रुग्णालयात वारले.

आमच्या सरकारी कचेऱ्यांत शिस्त म्हणजे काय? हजेरीपटावर सही, साहेबाला सलाम आणि ‘वरून आदेश नाही’ हे उत्तर. टपाल परत करणाऱ्याला कोणी विचारत नाही. स्वतःच्या जबाबदारीवर चष्मा आत देणाऱ्या शिपायाच्या हाती मात्र कारणे दाखवा नोटीस पडेल. नाही म्हणणारा सुरक्षित आणि होय म्हणणारा गुन्हेगार, अशा वातावरणात भला माणूसही दगड होतो. खचाखच भरलेल्या बराकी आणि अपुरे मनुष्यबळ यांत पिचणाऱ्या शिपायाच्या माथी सारे खापर फोडणे हा भेकडपणा आहे. दोष खुर्चीत बसून नकारावर सही करणाऱ्यांचा आहे.

कायदा नाही म्हणून हे चालते, असेही नाही. राज्य कर्मचाऱ्यांसाठीचे 1979 चे वर्तणूक नियम सचोटी आणि कर्तव्यपरायणता सांगतात. 2005 चा दफ्तर दिरंगाई कायदा फाईल सहसा कामकाजाच्या सात दिवसांपेक्षा जास्त अडवू देत नाही, जाणूनबुजून कुचराई करणाऱ्यावर शिस्तभंगाची कारवाई सांगतो. हे कायदे कारकुनाला धाक घालण्यापुरतेच आहेत काय? अधीक्षकांना ते लागू नाहीत काय?

तळोज्यात या प्रकरणांत कोणाची चौकशी झाली, कोणाच्या सेवापुस्तकात कोणती नोंद झाली, हे गृहखात्याने नावानिशी जाहीर करावे. चौकशीच झाली नसेल तर तसे लेखी कबूल करावे. पनवेलकरांनो, तळोजा तुमच्याच तालुक्यात आहे; तुमच्या आमदाराला हा प्रश्न विधानसभेत उभा करायला लावा.