श्वास : २०

बऱ्याच दिवसांनी इथे लिहितेय, आणि तेही चिडून. नातेवाईक मंडळींनी सांभाळून घ्यावं.

परवा भाचीने फाईल दाखवली. बी.एस्सी. नर्सिंग, दुसरं सेमिस्टर, विषय 'हेल्थ असेसमेंट'. रंगीत आकृत्या, चकचकीत कव्हर. आत पाच पेशंट आणि पाचही जणांचे श्वास मिनिटाला २०! "मोजलेस का गं?" म्हटलं, तर म्हणाली, "मावशी, २०च लिहायचं असतं. सगळे तेच लिहितात."

सगळे लिहितात हे खरंच आहे. मोठ्या माणसाचे श्वास साधारण १२ ते २०, मग २० लिहिलं की कोणी विचारत नाही. मी स्वतः सोलापुरात बावीस वर्षं नर्सिंग शिकवलं. माझ्या सहीखाली असे किती २० गेले असतील, देव जाणे.

हिशोब चुकता झाला तो आईच्या आजारपणात. इथल्याच एका दवाखान्यात होती (नाव लिहीत नाही). तक्त्यावर दोन दिवस २०, २०, २०. मी पदराकडे बघत घड्याळ लावलं, पूर्ण एक मिनिट. चौतीस! न्यूमोनिया निघाला. आई वाचली. पण खरं दुखलं ते नंतर. वॉर्डातल्या एका विद्यार्थिनीने आदल्या दिवशीच सांगितलं होतं म्हणे, "आजींच्या नाकपुड्या फुलतायत". तिला उत्तर मिळालं, "तू टीपीआर लिही, ते डॉक्टर बघतील".

हे "डॉक्टर बघतील" मला मान्य नाही. डॉक्टर राऊंडला येतात आणि जातात, पेशंटजवळ असते ती सिस्टर. बघणं, हात लावणं, टिचकी मारणं, ऐकणं ही काही कोणाची मक्तेदारी नाही. छातीवर टिचक्या मारायची रीत १७६१ साली व्हिएन्नाच्या औएनब्रुगर यांनी मांडली. खानावळवाल्याचा मुलगा, पिंपं वाजवून बघणाऱ्या घरातला. आपण नाही का मार्केटात कलिंगड वाजवून घेत? पोटाला मात्र आधी स्टेथोस्कोप, मग हात. आधी दाबलं तर आतड्यांचे आवाज बदलतात. हे पाठ सगळ्यांचं असतं, करून पाहिलेलं असतं किती जणींचं?

"मशीन आहे ना आता", हा दुसरा युक्तिवाद. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर चांगलाच आहे, पण सावळ्या कातडीवर तो कधी कधी खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतो. शिवाय ऑक्सिजन उतरायच्या आधी बहुतेकदा श्वास वाढलेला असतो. पुस्तकातला निळसर पडलेला गोरा गाल आपल्या वॉर्डात दिसणार नाही. इथे ओठ आणि जीभ बघायची. आणि आपल्या सोलापुरात बिडी वळणाऱ्या तेलुगू आजीला मराठीत "दम लागतो का?" विचारलं तर ती नुसती मान हलवते. तिला तिच्या भाषेत बोलू द्या, आणि एक वाक्य एका दमात पुरं होतंय का ते ऐका. त्याला तेलुगू यावी लागत नाही.

"एका सिस्टरवर चाळीस खाटा, कुठून आणायचं मिनिट?" हे मात्र खरं आहे, आणि त्यासाठी भांडायलाच हवं. पण मोजायला वेळ नसेल तर रकाना कोरा ठेवा ना! कोरा रकाना निदान खोटं तरी बोलत नाही. विद्यार्थिनीला तर पाचच पेशंट दिलेले असतात. तिच्याकडे मिनिट आहे, आणि आम्ही ते फाईलला कव्हर घालण्यात घालवतो.

असो. भाचीला म्हटलं, पेशंटला सांगून श्वास मोजू नकोस, तो लगेच सावरून घ्यायला लागतो. नाडी बघतेय असं दाखव आणि छातीकडे बघ. काल संध्याकाळी तिने आईवर प्रयोग केला. मनगट धरून पूर्ण मिनिटभर गप्प. २२ आले. आईने विचारलं, "किती गं माझी नाडी?"

ती मोजायची राहिलीच होती.