अंगणवाडीचे पाकीट : ठेका कुणाचा, जबाबदारी कुणाची?

नंदुरबार जिल्ह्यात अक्कलकुवा आणि धडगावचे नाव निघाले की पाठोपाठ कुपोषणाचा विषय येतो. दौरे होतात, बैठका होतात. पण सहा महिने ते तीन वर्षांच्या बाळासाठी आणि गरोदर मातेसाठी अंगणवाडीतून जो घरपोच आहार मिळतो, तो पुरवतो कोण आणि खराब निघाला तर जाब कुणाला विचारायचा, यावर फारसे कुणी बोलत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने 7 ऑक्टोबर 2004 रोजीच स्पष्ट सांगितले होते की अंगणवाडीच्या आहारात ठेकेदार नकोत, काम गावातल्या बचत गटांना आणि महिला मंडळांना द्या. महाराष्ट्रात कागदावर महिला संस्था आल्याही. मात्र त्यांच्या आडून खासगी कंपन्याच काम करतात, असे न्यायालयाने नेमलेल्या आयुक्तांच्या अहवालाने 2012 मध्ये म्हटले. पुढे 2016 मध्ये राज्याने सुमारे 6,300 कोटींची निविदा काढली. तिच्या अटी अशा, की छोटे गट दारातच अडावेत. 26 फेब्रुवारी 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली आणि चार आठवड्यांत नवी प्रक्रिया सुरू करायला सांगितले.

न्याय झाला, पण हिशेब मांडून बघा. निविदा निघाली तेव्हा सहा महिन्यांचे असलेले बाळ निकाल लागेपर्यंत तीन वर्षांचे होऊन या योजनेतून बाहेर पडले होते. त्याच्या वाट्याला निकालाचा काय उपयोग?

खरी अडचण इथेच आहे. आई तक्रार घेऊन सेविकेकडे जाते. सेविका म्हणते, "वरून जे आलं तेच वाटलं." प्रकल्प कार्यालय पुरवठादाराकडे बोट दाखवते. आणि पुरवठादाराचा करार झालेला असतो मुंबईत. सही सगळ्यांची, जबाबदारी कुणाचीच नाही. नुसते बचत गटाचे नाव लावूनही हे सुटत नाही. माल कुणी बनवला, कधी पोहोचला, कुणी तपासला, बिल कशावर निघाले, हे गावाला कळले पाहिजे.

हा प्रश्न फक्त सातपुड्यातल्या पाड्यांचा आहे असे समजू नका. नंदुरबार, शहादा, तळोद्याच्या आपल्या मोहल्ल्यांतली मुलेही अंगणवाडीत जातात. अन्न सुरक्षा कायदा, 2013 नुसार हा आहार म्हणजे हक्क आहे, खैरात नाही. त्याच कायद्यात जिल्हा तक्रार निवारण अधिकारी, राज्य अन्न आयोग आणि सामाजिक अंकेक्षणाची तरतूद आहे. माहिती अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर पुरवठ्याच्या पावत्या आणि तपासणी अहवाल मागता येतात. उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते.

पाकिटावरची तारीख आणि वजन बघा, फोटो काढून ठेवा, तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या. तोंडी तक्रार हवेत विरते. कागदाला मात्र कुणाला तरी उत्तर द्यावेच लागते.