डूमला नेट लागत नाही

भिलाईचं नाव पूर्वी पेपरात यायचं ते रुळांमुळे. भारतीय रेल्वे ज्यांवरून धावते ते रूळ इथल्या पोलादाच्या प्लांटात बनतात, 260 मीटर लांबीचे. गेल्या काही वर्षांत मात्र ते ‘महादेव’ नावाच्या सट्ट्याच्या ॲपमुळे यायला लागलं. ईडीनं ज्यांना त्याचे सूत्रधार ठरवलंय, ते आमच्याच गावचे. तेव्हापासून सेक्टरमधलं एखादं पोरगं मोबाइलवर गेम खेळताना दिसलं की आईच्या पोटात गोळा येतो. आणि अशा गावात मी, पन्नाशी उलटलेला, प्लांटात इन्स्ट्रुमेंटेशनची कामं करणारा माणूस, सेकंड शिफ्ट करून रात्री घरी येतो, जेवतो आणि तळहातावर मावणारं एक यंत्र काढून राक्षसांना गोळ्या घालत बसतो. बायको म्हणते, “उद्या कुणी विचारलं तर काय सांगणार आहात?” हे सांगणार आहे.

गेमचं नाव डूम. टेक्ससमधल्या आयडी सॉफ्टवेअर या छोट्या कंपनीनं तो 10 डिसेंबर 1993 रोजी बाहेर काढला. मंगळाच्या फोबोस या चंद्रावर एक सैनिक अडकलाय, नरकाचं दार उघडलंय, आणि पडद्यावर आपल्याला फक्त त्याची बंदूक दिसते. बाकी सगळं त्याच्या डोळ्यांनी पाहायचं. गोष्ट एवढीच, आणि ती कुणी फार मनावरही घेत नाही. तीनपैकी पहिला भाग कंपनीनं फुकट वाटला होता, वर मित्रांनाही कॉपी करून द्या म्हणून सांगितलं होतं. पुढचं हवं असेल त्यानं पैसे भरून मागवावं. याला शेअरवेअर म्हणायचे. आमच्याकडे तो दोन फ्लॉपींवर आला, कॉम्प्युटर क्लासमध्ये. सर डॉस आणि लोटस शिकवायचे. सर चहाला गेले की डूम. पुढच्या भागांचे डॉलर भिलाईहून पाठवायची सोय आमच्यातल्या कुणाकडेच नव्हती, त्यामुळे पहिल्या भागाच्या नऊ लेव्हल आम्ही पाठ केल्या.

त्या लेव्हलची नावं बघा: हँगर, न्यूक्लिअर प्लांट, टॉक्सिन रिफायनरी, सेंट्रल प्रोसेसिंग. प्लांटवाल्याला ही जागा परकी वाटायचं कारणच नाही. फक्त तिथे हिरव्या ॲसिडच्या हौदाला रेलिंग नाही, पिंपं जिथे-तिथे ठेवलेली, लिफ्टला गेट नाही, आणि आख्ख्या फोबोसवर एकाच्याही डोक्यावर पिवळं हेल्मेट नाही. राक्षस नंतर आले असतील. मला विचाराल तर त्या तळाचा परवाना आधीच रद्द व्हायला हवा होता.

आता यंत्राबद्दल. चीनमधल्या दोन-चार कंपन्या असले छोटे कन्सोल बनवतात. माझ्याकडच्याचा पडदा साडेतीन इंची, 640 बाय 480 चा. डावीकडे अधिकच्या चिन्हासारखं दिशांचं बटण, उजवीकडे चार बटणं, वरच्या कडेला एल आणि आर. नव्या जमान्याचा बंदुकीचा गेम असल्या यंत्रावर खेळवत नाही. त्याला दोन काड्या लागतात, एक चालायला आणि एक नजर फिरवायला, आणि संगणकावर माउस धरायची सवय असलेल्याचा अंगठा त्या काडीवर कायम उशिरा पोचतो. डूममध्ये ही भानगडच नाही. त्यात वर-खाली बघताच येत नाही. राक्षस वरच्या गच्चीत उभा असला तरी तोंड त्याच्या दिशेला केलं की पुरे, गोळीची उंची गेम आपणच जुळवून घेतो. आम्ही क्लासमध्ये माउसला हात न लावता खेळायचो: बाणांवर चालायचं, कंट्रोलवर गोळी, स्पेसवर दार, ऑल्ट दाबून आडवं सरकायचं. आता आडवं सरकणं एल आणि आरवर बसवलंय. तोंड राक्षसाकडे, पाय बाजूला, आणि त्याचा आगीचा गोळा कानाजवळून निघून जातो. डूम खेळणं म्हणजे नेम धरणं असं वाटत असेल तर तो गैरसमज आहे. डूम म्हणजे पायांचं काम, कबड्डीसारखं.

चित्राचंही तसंच. मूळ डूमचं चित्र 320 बाय 200 ठिपक्यांचं. घरच्या मोठ्या टीव्हीवर लावलं तर राक्षस विटांचा रचल्यासारखा दिसतो. साडेतीन इंचांवर तेच ठिपके एकमेकांत मिसळतात आणि राक्षस पुन्हा राक्षस होतो. आवाजाला मात्र इअरफोन हवेत. यंत्राचा स्पीकर डब्यात खडे वाजवल्यासारखा, पण इअरफोन घातले की डाव्या भिंतीमागचा फुत्कार डाव्याच कानात येतो. गोळ्या संपत आल्या की माझा एक आवडता उद्योग असतो: दोन जातींच्या राक्षसांच्या मधून पळायचं. एकाचा नेम चुकून दुसऱ्याला लागतो, दुसरा त्याच्यावर उलटतो, आणि आपण कोपऱ्यात उभं राहून भांडण संपायची वाट बघायची. 1993 च्या गेममध्ये हे आहे. आजच्या कित्येक गेममध्ये शत्रू एकमेकांशी शिस्तीत वागतात, त्यामुळे मजा येत नाही.

हातात धरायचा डूम काही आत्ताचा नाही. निन्टेन्डोच्या गेम बॉय ॲडव्हान्सवर तो 2001 मध्येच आला होता. त्या पडद्याला मागून उजेड नव्हता, दिव्याखाली बसून खेळावं लागे. शिवाय रक्ताचा रंग हिरवा केला होता आणि सर्वांत मोठे दोन राक्षस गाळून टाकले होते. आजचं यंत्र मूळ डूम जसाच्या तसा चालवतं, आणि याचं श्रेय त्या चिनी कंपन्यांचं नाही. ते एका जुन्या निर्णयाचं आहे, आणि माझा खरा मुद्दा तिथून सुरू होतो.

23 डिसेंबर 1997 रोजी आयडी सॉफ्टवेअरनं डूमचा सोर्स कोड जगाला खुला केला. जॉन कारमॅक हा त्यांचा मुख्य प्रोग्रामर कोड खुला असावा या मताचा होता. डॉसमधल्या आवाजाचा भाग दुसऱ्या कुणाच्या मालकीचा होता, म्हणून लिनक्ससाठी केलेल्या आवृत्तीचा कोड दिला. 1999 मध्ये त्यालाच जीपीएल परवाना लावला: कुणीही वापरा, बदला, वाटा, फक्त बदललेलं वाटाल तर तेही असंच खुलं ठेवा. मग लोक सुटलेच. कॅल्क्युलेटरवर डूम चालला. 2014 मध्ये एका सुरक्षा-संशोधकानं कॅननच्या प्रिंटरच्या इवल्याशा पडद्यावर तो चालवून दाखवला, प्रिंटर किती सहज ताब्यात घेता येतो हे सिद्ध करायला. माझ्या खिशातला डूम हा याच झाडाचा एक फाटा.

एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण बाजारात ती मुद्दाम गढूळ ठेवली जाते. कोड खुला आहे. चित्रं, आवाज आणि लेव्हल खुल्या नाहीत. त्या वॅड नावाच्या एका फाइलमध्ये असतात, आणि पूर्ण गेमची वॅड आजही विकत घ्यावी लागते. हे छोटे कन्सोल विकणारे सोबत हजारो गेम भरलेलं मेमरी कार्ड देतात. ते सगळे परवान्याचे असतील यावर कुणीही विश्वास ठेवू नये. मी ते कार्ड पुसलं, संगणकासाठी रीतसर विकत घेतलेल्या डूममधली साधारण बारा एमबीची वॅड नव्या कार्डावर टाकली. ज्यांना एक पैसाही द्यायचा नाही, त्यांना पहिला भाग आजही शेअरवेअर म्हणून मोकळा आहे. शिवाय फ्रीडूम नावाचा प्रकल्प आहे. त्यात हौशी लोकांनी चित्रं, आवाज, लेव्हल सगळं नव्यानं करून मोफत ठेवलंय. चोरी करायला कारणच उरत नाही.

मला आवडतं ते याचं संपणं. लेव्हल संपली की हिशेबाचा पडदा येतो: किती राक्षस मारले, किती वस्तू उचलल्या, किती गुप्त खोल्या सापडल्या, किती वेळ लागला. मग शांतता. उद्या परत या, नाही आलात तर बक्षीस बुडेल, असं तो म्हणत नाही. बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला असलेला माझा भाचा सुट्टीत आला होता. त्यानं यंत्र हातात घेतलं, पहिली लेव्हल पार केली आणि विचारलं, “मामा, हा काही अपडेट मांगत नाही का?” नाही म्हटलं. “आणि लॉगिन?” तेही नाही. त्यानं माझ्याकडे जरा संशयानंच पाहिलं.

त्याच्या संशयाला कारण आहे. पबजी मोबाइलवर 2 सप्टेंबर 2020 रोजी बंदी आली आणि 30 ऑक्टोबरला भारतातले सर्व्हर बंद झाले. पोरांनी पैसे घालून घेतलेले कपडे, बंदुका, सगळं एका रात्रीत पलीकडे गेलं. पुढच्या वर्षी बीजीएमआय हा त्याचाच भारतासाठीचा अवतार आला, जुनी खाती हलवता आली. 2022 च्या जुलैत तोही दुकानातून काढला गेला आणि 2023 च्या मे महिन्यात परतला. बंदी योग्य की अयोग्य हा वेगळा वाद. मी म्हणतो ते इतकंच की पैसे मोजणाऱ्याच्या हातात काहीच नव्हतं.

आणि हे फक्त फुकट गेमचं नाही. युबिसॉफ्टचा ‘द क्रू’ हा गाड्यांचा गेम लोकांनी रोख पैसे देऊन घेतला होता. कंपनीनं 31 मार्च 2024 रोजी सर्व्हर बंद केले, तर एकट्यानं गाडी चालवायचीही सोय उरली नाही. डूमसुद्धा यातून सुटला नाही. 2019 च्या जुलैत निन्टेन्डो स्विचवर तो नव्यानं विकायला काढला तेव्हा सुरू करायला बेथेस्डा या प्रकाशक कंपनीच्या खात्यात लॉगिन करावं लागत होतं. पंचवीस वर्षांहून जुना, एकट्यानं खेळता येणारा गेम, आणि दारात ओळखपत्र मागायला माणूस उभा. लोकांनी इतकी टिंगल केली की कंपनीला ती अट मागे घ्यावी लागली. माझ्या तीन दशकं जुन्या फाइलला ही अट घालायला कुणी येऊ शकत नाही.

हिंसेचं काय, हा प्रश्न येणारच, आणि तो टाळायचा नाही. 1999 मध्ये अमेरिकेत कोलंबाइन शाळेत गोळीबार झाला. गोळ्या घालणारी पोरं डूम खेळायची म्हणून वर्षानुवर्षं गेमवर बोट ठेवलं गेलं. जर्मनीनं 1994 मध्ये त्याला मुलांसाठी घातक ठरलेल्या यादीत टाकलं आणि 2011 मध्ये त्या यादीतून काढलं. मी छत्तीसगडचा आहे. बस्तरच्या सुरुंगांच्या आणि चकमकींच्या बातम्या वाचतच आमच्या पिढीचं वय वाढलं. बंदूक काय करते हे आम्हाला गेमनं शिकवावं अशी परिस्थिती नाही. लहान मुलाच्या हातात मी डूम देणार नाही, कारण तो त्यांच्यासाठी केलेलाच नाही. पण कॉलेजातल्या पोरानं ठिपक्यांचा राक्षस मारला म्हणून तो बिघडेल असं मला वाटत नाही. तो बिघडेल, आणि बिघडलेला आमच्या गावानं पाहिलाय, तो दहा रुपयांच्या पहिल्या डावात जिंकून. पालकांनी बंदूक दिसते का हे बघण्याआधी पैसे कुठून कुठे जातात ते बघावं.

संसदेनं ऑगस्ट 2025 मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदीचा कायदा केला. चांगलं केलं. पण ज्या गेममध्ये सट्टा नाही, जो सरळ विकत घेतलाय, तो विकणाऱ्यानं उद्या बंद केला तर ग्राहकानं काय करायचं? युरोपात ‘स्टॉप किलिंग गेम्स’ म्हणून चळवळ उभी राहिली आणि तिच्या अर्जावर दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या. कॅलिफोर्नियानं 2024 मध्ये कायदा करून दुकानांना सांगितलं, की तुम्ही मालकी विकत नसून फक्त परवाना देत असाल तर तसं स्पष्ट लिहा. आपल्याकडे निदान एवढं तरी व्हावं. आणि आपल्याकडे गेम आता बनतातही. पुण्याच्या सुपरगेमिंगनं 2024 मध्ये ‘इंडस’ काढला, त्यात आपल्या पुराणातल्या आणि सिंधू संस्कृतीतल्या खुणा वापरल्या. अशा कंपन्यांना माझी विनंती आहे: गेम चालू असेपर्यंत कमवा, जरूर कमवा, पण ज्या दिवशी सर्व्हर बंद कराल त्या दिवशी कोड उघडून द्या. तुमच्या पोरापोरींच्या मेहनतीचा तोच एक जपून ठेवता येईल असा पुरावा आहे.

धंदा बुडेल अशी भीती असेल तर आयडी सॉफ्टवेअरचाच हिशेब पाहा. डूम विकायला काढल्यापासून चार वर्षांनी त्यांनी कोड फुकट दिला. डूमचा सगळ्यात नवा भाग, ‘द डार्क एजेस’, त्याच कंपनीनं 2025 च्या मे महिन्यात विकायला काढला.