‘हे कोण बघणार?’ : प्रेक्षकांचा अंदाज नेमका कुठे चुकतो आणि त्याची किंमत कोण मोजतं?

१३ सप्टेंबर २०२४. त्या शुक्रवारी थिएटरात दोन सिनेमे लागले. एक होता करीना कपूरचा नवाकोरा ‘द बकिंगहॅम मर्डर्स’. दुसरा होता सहा वर्षं जुना, ओटीटीवर कधीचाच येऊन गेलेला ‘तुंबाड’.

कागदावर पाहिलं तर निकाल ठरलेला होता. घरबसल्या दिसणाऱ्या सिनेमासाठी तिकीट कोण काढणार? पण झालं उलटंच. ‘तुंबाड’नं नव्या सिनेमाला मागे टाकलं. ऑक्टोबर २०१८ मध्ये पहिल्यांदा आला तेव्हा त्यानं देशात साधारण साडेतेरा कोटी कमावले होते. दुसऱ्या फेरीत हा आकडा ३० कोटींच्या पुढे गेला.

सिनेमा तोच, दिग्दर्शक तोच, कलाकारही तेच. मग सहा वर्षांपूर्वी हा प्रेक्षक कुठे होता? की तो तेव्हाही होता आणि कुणाला दिसलाच नाही?

सात वेळा उघडलेलं आणि बंद झालेलं दार

‘तुंबाड’चे दिग्दर्शक राही अनिल बर्वे. ‘थँक यू मिस्टर ग्लाड’ लिहिणाऱ्या अनिल बर्वे यांचे हे चिरंजीव. राही यांनी या गोष्टीचा पहिला खर्डा १९९७ मध्ये लिहिला, तेव्हा ते अठरा वर्षांचे होते. पुढे त्यांनी ७०० पानांचा स्टोरीबोर्ड काढला, म्हणजे जवळपास अख्खा सिनेमाच कागदावर रेखाटला. बर्वे यांनी सांगितल्यानुसार सात निर्मिती संस्थांनी हा सिनेमा हातात घेतला आणि सोडून दिला. शेवटी अभिनेता-निर्माता सोहम शाह मागे उभा राहिला. २०१२ मध्ये शूटिंग झालं, ते मनासारखं उतरलं नाही म्हणून पुन्हा झालं आणि २०१८ मध्ये सिनेमा पडद्यावर आला. पहिल्या खर्ड्यापासून तब्बल २१ वर्षांनी.

नकाराची कारणं समजायला अवघड नाहीत. कोकणातला पाऊस, लोभी माणसं, भूक लागलेला एक शापित देव. स्टार नाही, नाचगाणी नाहीत, धड प्रेमकथाही नाही. अशा गोष्टीवर ऑफिसात पहिला प्रश्न येतो तो हाच : ‘हे कोण बघणार?’

हिंदी-मराठी मनोरंजनाच्या धंद्यातली बरीचशी अशी ऑफिसं मुंबईच्या उपनगरांत आहेत. अंधेरी पश्चिमेला लिंक रोड, वीरा देसाई रोड, आरामनगर या पट्ट्यात स्टुडिओ, निर्मिती संस्था, एडिटिंगच्या खोल्या आणि ऑडिशनच्या रांगा सगळं जवळजवळ आहे. त्याच वर्सोव्यातून निघणारी मेट्रो ११.४ किलोमीटरवर घाटकोपरला पोचते, तेही वीसेक मिनिटांत. बोरिवली लोकलनं जवळ, मुलुंडही फार लांब नाही. म्हणजे ज्यांच्याबद्दल अंदाज बांधायचा, ती माणसं हाकेच्या अंतरावर राहतात. तरी अंदाज चुकतो. असं का होतं?

कारण १ : नकार देणाऱ्याचं काही जात नाही

एखाद्या अधिकाऱ्यानं ‘हो’ म्हटलं आणि सिनेमा आपटला, तर त्याचं नाव निघतं. त्यानं ‘नाही’ म्हटलं तर? बहुतेक वेळा तो सिनेमा बनतच नाही. न बनलेल्या सिनेमाचं कलेक्शन येत नाही, त्यामुळे चूक झाली की नाही हे कधीच कळत नाही. ‘तुंबाड’सारखा एखादा अपवाद दुसऱ्या वाटेनं पूर्ण होतो, तेव्हाच नकार चुकला होता हे जगाला दिसतं.

म्हणून हुशार माणूसही सावध उत्तर देतो. ‘आधी असं काही चाललंय का?’ हा प्रश्न सगळ्यात सुरक्षित. नव्या गोष्टीकडे त्याचं उत्तर नसतं, कारण ती नवी असते.

या सावधपणाची किंमत भरतो तो कलाकार. परेश मोकाशी यांना ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’साठी स्वतःचं घर गहाण ठेवावं लागलं होतं. तो सिनेमा दादासाहेब फाळके यांच्यावर. फाळक्यांनीही पहिल्या सिनेमासाठी विम्याची पॉलिसी गहाण टाकली होती आणि पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने कामी आले होते. दोन्ही गोष्टींमध्ये जवळपास शंभर वर्षांचं अंतर. मोकाशींचा सिनेमा पुढे २००९ मध्ये भारताकडून ऑस्करसाठी पाठवला गेला. पण प्रत्येकाकडे गहाण ठेवायला घर असतंच असं नाही.

कारण २ : मोजपट्टी जे वाढलं तेवढंच मोजते

टीव्हीवर काय चालतं हे ठरवते टीआरपी. २०१५ पासून हे मोजमाप ‘बार्क’ ही संस्था करते. निवडक घरांतल्या टीव्हीला मीटर जोडलेले असतात आणि गेल्या काही वर्षांत अशा घरांची संख्या ५५ हजारांच्या आसपास आहे. देशात टीव्ही असलेली घरं २० कोटींहून अधिक. दर गुरुवारी आकडे येतात आणि त्यावर मालिकेत कुणाचं लग्न मोडायचं, कुणाची स्मृती घालवायची, हे ठरू शकतं.

नमुना लहान आहे ही यातली मुख्य अडचण नाही. नीट निवडलेला नमुना बरंच सांगू शकतो. खरी अडचण वेगळी आहे. ताटात जे वाढलं त्यातलं काय संपलं, एवढंच टीआरपी सांगते. भूक कशाची होती, हे सांगत नाही. रात्री आठला तीन वाहिन्यांवर तीन सासू-सुना असतील, तर आकडा त्यांच्यापैकीच कुणालातरी मिळणार. मग त्याच आकड्याचा अर्थ लावला जातो, ‘लोकांना हेच हवंय’.

ज्यांनी रिमोट केव्हाच सोडून दिला, ते या मोजणीत येतच नाहीत. मराठी तरुण मराठी काही बघत नाही, असं सर्रास म्हटलं जायचं. २०१६ मध्ये ‘भाडिपा’ म्हणजे भारतीय डिजिटल पार्टी यूट्यूबवर आली. आई आणि मुलाची रोजची कटकट, तीही घरात बोलतात तशा मराठीत. तोच तरुण ती फोनवर बघू लागला आणि आईला पाठवू लागला. प्रेक्षक होता. तो फक्त वाहिनीच्या तक्त्यात नव्हता.

कारण ३ : सोमवारी लागणारा निकाल

सिनेमा कसाबसा बनला तरी पुढे स्क्रीनचा प्रश्न. छोट्या मराठी सिनेमाला अनेकदा सकाळचा किंवा भर दुपारचा शो मिळतो. मुलुंडहून फोर्टला नोकरीला जाणारी बाई मंगळवारी दुपारी साडेबाराचा शो कसा बघणार? शनिवार-रविवारी खुर्च्या रिकाम्या दिसल्या की सोमवारपासून शो कमी होतात. आणि मग म्हटलं जातं, ‘बघा, लोक आलेच नाहीत.’

हा वाद जुना आहे. २०१५ मध्ये राज्य सरकारनं मल्टिप्लेक्सना प्राइम टाइममध्ये मराठी सिनेमा दाखवायला सांगितलं, त्यावर गदारोळ झाला आणि वेळेची व्याख्या दुपारी १२ ते रात्री ९ अशी सैल करावी लागली. दहा वर्षांनी, जुलै २०२५ मध्ये, ‘सैयारा’च्या लाटेत ‘येरे येरे पैसा ३’चे शो कमी झाले तेव्हा पुन्हा आंदोलनाची भाषा झाली.

मल्टिप्लेक्सवाल्यांची बाजूही आहे. ‘सैयारा’ला खरोखर गर्दी होती. भरलेला शो काढून रिकामा शो कोण लावेल? प्रश्न आहे तो वेळेचा. प्रत्येक प्रेक्षक पहिल्या तीन दिवसांत निघत नाही.

‘बाईपण भारी देवा’ हे त्याचं ठळक उदाहरण. ३० जून २०२३ ला केदार शिंदे यांचा हा सिनेमा आला. सहा बहिणी, बहुतेक पन्नाशीच्या आसपासच्या, आणि मंगळागौर. या सिनेमाची दुसऱ्या आठवड्याची कमाई पहिल्यापेक्षा जास्त होती. कारण त्याचा प्रेक्षक होता भिशीचे, सोसायटीचे, नात्यातल्या बायकांचे ग्रुप. त्यांना आधी एकमेकींना विचारावं लागतं, घरचं आवरावं लागतं, मग तिकिटं निघतात. पहिल्या सोमवारीच निकाल लावला असता तर हा प्रेक्षक तक्त्यात आलाच नसता.

गंमत म्हणजे सिनेमा जितका जास्त चालेल तितका मल्टिप्लेक्सचा फायदा वाढतो. २००९ मध्ये निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांच्यात संप होऊन जी तडजोड झाली, त्यात वितरकाचा वाटा पहिल्या आठवड्यात ५० टक्के आणि पुढे दर आठवड्याला कमी होत ३० टक्क्यांवर येणारा ठरला होता. उरलेला वाटा थिएटरचा. म्हणजे हळूहळू चालणारा सिनेमा थिएटरलाही परवडू शकतो. त्याला तेवढे दिवस मिळायला हवेत.

कारण ४ : यशातूनही चुकीचा धडा

अंदाज फक्त नकारातच चुकतो असं नाही. २०१६ मध्ये ‘सैराट’ आला. नवखे चेहरे, करमाळ्याकडची बोली आणि ८० कोटींहून अधिकची कमाई. नागराज मंजुळे यांच्या या गोष्टीचा कणा होता जात. दोन वर्षांनी त्याचा हिंदी रिमेक ‘धडक’ आला. त्यात प्रेम राहिलं, पळून जाणं राहिलं, जातीचा काच मात्र पार पुसट झाला. ‘धडक’नं पैसे कमावले, पण ‘सैराट’सारखा तो कुणाच्या घरात वादाचा विषय झाला नाही. हिट सिनेमातलं जे सहज उचलता येतं ते उचललं जातं. ज्यामुळे तो हिट झाला, ते बऱ्याचदा मागे राहतं.

आणि ओटीटी?

सुरुवातीला वाटलं होतं, ओटीटीमुळे ही दारं कायमची उघडतील. पण जानेवारी २०२१ मध्ये ‘तांडव’ मालिकेवरून गुन्हे दाखल झाले, पुढच्याच महिन्यात सरकारचे नवे आयटी नियम आले आणि प्लॅटफॉर्म सावध झाले. दिबाकर बॅनर्जी यांचा ‘तीस’ नेटफ्लिक्ससाठी पूर्ण झाला, पण तिथे प्रदर्शित झाला नाही. वर्सोव्यात नव्या दिग्दर्शकांचा आधार ठरलेले अनुराग कश्यप २०२५ मध्ये मुंबई सोडून गेले. इथे प्रत्येकजण शेकडो कोटींच्या सिनेमामागे धावतोय, अशी त्यांची तक्रार होती. इथे प्रश्न प्रेक्षक न ओळखण्याचा कमी आणि वाद ओढवून घेण्याच्या भीतीचा जास्त आहे. कलाकाराच्या हाती मात्र दोन्हीकडून नकारच येतो.

पण प्रत्येक नाकारलेला सिनेमा ‘तुंबाड’ असतो का?

नाही. बहुतेक सिनेमे पैसे बुडवतात आणि तो पैसा कुणाचा तरी असतो. नाकारलेल्या अनेक पटकथा खरंच कच्च्या असतात. ‘तुंबाड’चंही पहिलं शूटिंग बाजूला ठेवावं लागलं होतं. शिवाय २०२४ मध्ये वारं अनुकूल होतं : आदित्य सरपोतदार यांच्या ‘मुंज्या’नं त्याच वर्षी कोकणातल्या भुताच्या गोष्टीवर १०० कोटींचा टप्पा गाठला होता, पाठोपाठ ‘स्त्री २’ आला होता. २०१८ मध्ये असं वातावरण नव्हतं. त्यामुळे ‘कलाकार नेहमी बरोबर, साहेब नेहमी चूक’ हा निष्कर्षही तितकाच आळशी आहे.

मग मार्ग काय? तो उपनगरातल्याच दुसऱ्या एका धंद्यात दिसतो.

मुलुंडचं कालिदास, बोरिवलीचं प्रबोधनकार ठाकरे, पार्ल्याचं दीनानाथ. इथे नाटकाचा निर्माता दर प्रयोगाला प्रेक्षकांच्या समोर असतो. हशा कुठे पडला, कुठे खुर्च्या करकरल्या, मध्यंतरात वडापावच्या रांगेत लोक काय बोलले, हे त्याला त्याच दिवशी कळतं. प्राजक्त देशमुख यांचं ‘संगीत देवबाभळी’ कागदावर ठेवा : तुकोबांची आवली आणि विठ्ठलाची रखुमाई, रंगमंचावर दोनच बायका, अभंगांसारखी गाणी. कुठल्या मीटिंगमध्ये याला होकार मिळाला असता? पण ते आधी एकांकिका म्हणून स्पर्धेत तपासलं गेलं. मग भद्रकाली प्रॉडक्शन्सनं २०१७ मध्ये ते व्यावसायिक रंगभूमीवर आणलं आणि नाटक ५०० प्रयोगांपर्यंत गेलं.

भद्रकालीनं धाडस केलंच. पण ते आंधळं नव्हतं. आधी कमी खर्चात प्रयोग झाला, मग प्रेक्षकांची प्रतिक्रिया पाहिली आणि नंतर वेळ दिला. वाहिनी, स्टुडिओ आणि मल्टिप्लेक्सलाही हे जमण्यासारखं आहे : दहा मोठ्या होकारांबरोबर दोन छोटे होकार, नव्या सिनेमाला संध्याकाळचे मोजके पण दोन आठवडे टिकणारे शो आणि आपण दिलेल्या नकारांची एक वही. तीन वर्षांनी ती उघडून पाहिली, तरी अंदाज कुठे चुकतो ते कळेल.

तुमच्या हातात काय?

सध्याच्या पद्धतीत पहिल्या तीन दिवसांचं तिकीट हेच सगळ्यात मोठं मत आहे. सिनेमा उतरल्यावर टाकलेली ‘इतका चांगला सिनेमा चालला कसा नाही?’ ही पोस्ट कुठल्याच तक्त्यात मोजली जात नाही. एखादा छोटा सिनेमा बघायचा मनात असेल, तर तो पहिल्या शनिवार-रविवारी बघा. आवडला तर त्याच रात्री सांगा, शोची वेळ आणि थिएटरच्या नावासकट. ‘तुंबाड’ला दुसरी संधी मिळाली, पण त्यासाठी सहा वर्षं लागली. तेवढा वेळ बहुतेक सिनेमांना मिळत नाही आणि ते बनवणाऱ्यांनाही नाही.