चाकांवरच्या घराला नर्मदाकाठी जागा कोणती?

जबलपूर : शयनकक्ष, स्वयंपाकघर आणि स्वच्छतागृह सामावून घेणाऱ्या आलिशान वाहनातून प्रवास करायचा, आणि रात्री नदीच्या वा जलाशयाच्या काठी त्याच वाहनात मुक्काम ठोकायचा, या कॅराव्हॅन पर्यटनाला देशातील अनेक राज्यांनी गेल्या काही वर्षांत धोरणात्मक पाठबळ दिले आहे. भेडाघाटचे संगमरवरी कडे, बरगी धरणाचा विस्तीर्ण जलाशय आणि साधारण दोनशे किलोमीटरच्या परिघात कान्हा, बांधवगड व पेंच हे तीन व्याघ्र प्रकल्प, असा संच लाभलेले जबलपूर या पर्यटनासाठी जणू आखूनच ठेवलेले शहर आहे. परंतु चाके असलेले घर कायद्याच्या दृष्टीने बांधकाम ठरत नाही. नर्मदेच्या काठाचे रक्षण करणारे बहुतेक निर्बंध मात्र बांधकामावरचे आहेत. या फटीतून नदीकडे काय वाहत जाईल आणि जलाशयाच्या काठावर आधीपासून हक्क सांगणाऱ्यांचे काय होईल, हे प्रश्न वाहनांच्या चकचकीत छायाचित्रांत दिसत नाहीत.

कल्पना नवी नाही. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाने कॅराव्हॅन आणि कॅराव्हॅन मुक्कामतळांसाठी 2010 च्या सुमारास धोरण आणले. त्याच काळात मध्यप्रदेश पर्यटन विकास महामंडळाने ‘हॉलिडे ऑन व्हील्स’ या नावाने अशी वाहने रस्त्यावर आणली. देशात हा प्रयोग करणाऱ्या पहिल्या राज्यांत मध्यप्रदेशाची गणना होते. महाराष्ट्राने 2021 मध्ये स्वतःचे कॅराव्हॅन पर्यटन धोरण मंजूर केले. केरळनेही त्याच वर्षी ‘केरावॅन केरळ’ची घोषणा केली आणि पुढच्या वर्षी वागमोण येथे पहिले कॅराव्हॅन उद्यान सुरू झाले. वाहनांच्या तांत्रिक बाजूचा प्रश्नही सुटलेला आहे. पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियाने प्रसिद्ध केलेल्या एआयएस-124 या मानकात मोटार कॅराव्हॅनच्या प्रमाणीकरणाची पद्धत निश्चित केली आहे.

तरीही दीड दशकात या पर्यटनाने बाळसे धरले नाही. त्याची कारणे शोधायला फार दूर जावे लागत नाही. युरोप-अमेरिकेत कुटुंबप्रमुख स्वतः वाहन चालवतो. भारतात भाड्याच्या कॅराव्हॅनबरोबर बहुधा चालक येतो, आणि कुटुंब आत झोपल्यावर त्या चालकाने कोठे झोपायचे, हा साधा प्रश्न आराखड्यांत क्वचितच विचारला जातो. मध्यम दर्जाचे हॉटेल सर्वत्र मिळते, नातेवाइकांचे घर तर त्याहून स्वस्त. शिवाय जबलपूरचा मे महिना पत्र्याच्या पेटीत झोपण्याचा नव्हे. पावसाळ्यात भेडाघाटचे नौकानयन थांबते, जुलै ते सप्टेंबर व्याघ्र प्रकल्पांचे गाभा क्षेत्र बंद असते. उरतात ते ऑक्टोबर ते मार्च हे महिने. वर्षातील निम्मा काळ उभ्या राहणाऱ्या महागड्या वाहनाचे गणित जुळवायचे, तर उरलेल्या निम्म्या काळात ते सर्वांत देखण्या आणि म्हणूनच सर्वांत नाजूक जागी उभे करण्याचा मोह होणार, हे उघड आहे.

मागणी नाही, असे मात्र म्हणता येत नाही. राज्य सरकारच्या आकडेवारीनुसार 2024 मध्ये मध्यप्रदेशात 13 कोटींहून अधिक पर्यटक आले. यांतील निम्म्याच्या आसपास वाटा एकट्या उज्जैनचा. महाकालाच्या दर्शनाला आलेला हा लोंढा पूर्वेकडे, महाकोशलाकडे वळवावा, ही राज्याची जुनी इच्छा आहे. भेडाघाट-लमेटाघाटचा 2021 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या संभाव्य यादीत समावेश झाल्याने तिला बळ मिळाले. लमेटा खडकांमुळे भूशास्त्राच्या अभ्यासकांना जबलपूर पूर्वीपासून परिचित आहे. 1828 मध्ये विल्यम स्लीमन यांना येथेच डायनासोरचे जीवाश्म सापडले होते. कलचुरींची राजधानी त्रिपुरी, म्हणजे आजचे तेवर, भेडाघाटच्या वाटेवरच आहे. 1939 चे काँग्रेस अधिवेशनही त्याच त्रिपुरीच्या नावाने ओळखले जाते. पाहण्यासारखे एवढे असताना पर्यटक एका दुपारी धुवाँधार धबधबा पाहून निघून जातो, मुक्काम करत नाही, ही स्थानिक व्यावसायिकांची तक्रार रास्त आहे. बरगीच्या काठावर महामंडळाचे मैकल रिसॉर्ट वगळता राहण्याच्या सोयी मोजक्याच. तेव्हा कायमस्वरूपी इमारती न उभारता हंगामापुरती सोय करणारी वाहने आणि तंबू हा पर्याय सकृद्दर्शनी नदीला अधिक मानवणारा वाटतो. खंडवा जिल्ह्यात इंदिरा सागर जलाशयावर हनुवंतियाचा जलमहोत्सव 2016 पासून याच तत्त्वावर भरतो.

अडचण सुरू होते ती तळाशी असलेल्या टाकीपासून. कॅराव्हॅनमध्ये पाण्याच्या तीन व्यवस्था असतात : पिण्या-वापरण्याच्या पाण्याची टाकी, न्हाणी व स्वयंपाकाच्या सांडपाण्याची टाकी आणि मैल्याची टाकी. सुटी काढता येणारी मैल्याची पेटी साधारण 18 ते 20 लिटरची असते. चौघांच्या कुटुंबाला ती जेमतेम दोन-तीन दिवस पुरते. मैल्याच्या टाकीत रसायन मिसळलेले असते, त्यामुळे ती शेतात किंवा साध्या शोषखड्ड्यात रिकामी करणे योग्य नाही. परदेशांत यासाठी मुक्कामतळांवर आणि पेट्रोल पंपांवर ठरावीक उपसा केंद्रे असतात. आपल्याकडे मंजूर कॅराव्हॅन उद्यानात ती असावीत अशी अपेक्षा आहे. पण उद्यानाबाहेर, घाटाच्या कडेला किंवा जलाशयाच्या माळावर उभ्या राहिलेल्या वाहनाची पेटी कोठे रिकामी झाली, हे तपासणारी यंत्रणा नाही. जबलपूर महानगरपालिका स्वच्छ सर्वेक्षण 2024-25 मध्ये दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत पाचव्या क्रमांकावर होती, ही कौतुकाची बाब खरी. परंतु बरगी शहरापासून चाळीसएक किलोमीटरवर आहे, आणि भेडाघाटला स्वतंत्र, लहान नगर परिषद आहे. शहराची घंटागाडी तेथे पोहोचत नाही.

बरगीचा जलाशय शहराच्या वरच्या अंगाला आहे. तेथून सुटलेले पाणी ग्वारीघाट, तिलवाराघाट करत पुढे जाते आणि जबलपूरच्या पिण्याच्या पाण्याचा मोठा हिस्सा नर्मदेतूनच उचलला जातो. शहराचे नाले नदीला मिळतात म्हणून ग्वारीघाटावर वर्षानुवर्षे आंदोलने होत असताना, त्याच्याही वर नवा स्रोत निर्माण करणे शहाणपणाचे ठरणार नाही.

नर्मदेच्या काठापासून 300 मीटरच्या आतील बांधकामांचा वाद जबलपुरातच मुख्य पीठ असलेल्या मध्यप्रदेश उच्च न्यायालयापुढे अनेक वर्षे चालत आला आहे. हे अंतर काठापासून मोजायचे की सर्वोच्च पूररेषेपासून, यावरही कीस काढला गेला. या सगळ्या खटाटोपाचा रोख सिमेंट-विटांच्या कामावर आहे. वाहन उभे करण्याला ‘वाहनतळ’ म्हणता येते, तंबूला ‘तात्पुरती रचना’. मे 2017 मध्ये राज्य विधानसभेने नर्मदेला जिवंत व्यक्तीचा दर्जा देण्याचा ठराव केला. पण तिच्या अंगणात रात्री किती वाहने उभी राहावीत, याचे उत्तर त्या ठरावात शोधून सापडणार नाही.

गंगेच्या बाबतीत हाच पेच अधिक ठळकपणे पुढे आला. वाराणसीत जानेवारी 2023 मध्ये पैलतीरावरच्या वाळूत आलिशान तंबूनगरी उभी राहिली. ती कायम बांधकाम नसल्याचा युक्तिवाद राष्ट्रीय हरित लवादापुढे टिकला नाही आणि नदीपात्रात ती पुन्हा उभारण्यावर बंदी आली. गंगेसाठी केंद्राने 2016 मध्ये काढलेला स्वतंत्र आदेश तेथे उपयोगी पडला. नर्मदेला तसे कवच नाही. मात्र 2023 मध्येच लवादाच्या भोपाळ येथील पीठाने भोपाळच्या मोठ्या तलावासह नर्मदेत इंधनावर चालणारी क्रूझ आणि मोटारबोटी बंद करण्याचा आदेश दिला, तेव्हा पिण्याच्या पाण्याचा स्रोत हा निकष मानला गेला. बोटही बांधकाम नव्हतीच. तोच निकष काठावर उभ्या राहणाऱ्या, डिझेल जनित्र चालवणाऱ्या आणि मैला साठवणाऱ्या वाहनाला लावला, तर पर्यटन महामंडळाला त्याचे उत्तर देणे कठीण जाईल. धोरण आखताना ही शक्यता गृहीत धरली नाही, तर गुंतवणूकदाराचा पैसाही न्यायालयाच्या फेऱ्यांत अडकेल.

बरगीच्या काठाचा दुसरा प्रश्न याहून जुना आणि अधिक टोचणारा आहे. राणी अवंतीबाई लोधी सागर या अधिकृत नावाने ओळखला जाणारा हा प्रकल्प नर्मदेवरील मोठ्या धरणांतला पहिला. 1974 मध्ये काम सुरू झाले, 1990 मध्ये जलाशय पूर्ण भरला. सर्वेक्षणात 101 गावे बाधित धरली होती. प्रत्यक्षात मंडला, सिवनी आणि जबलपूर या तीन जिल्ह्यांतील 162 गावांना झळ पोहोचली. त्यांत गोंड आदिवासींची संख्या मोठी. विस्थापितांपैकी अनेकांनी जबलपुरात सायकलरिक्षा ओढून पोट भरले. दीर्घ आंदोलनानंतर 1994 मध्ये विस्थापितांच्या 54 सहकारी संस्थांच्या संघाला जलाशयात मासेमारीचा हक्क मिळाला. हा देशातील एक उल्लेखनीय प्रयोग होता. काही वर्षांतच तो हक्क काढून राज्य मत्स्य महासंघाकडे देण्यात आला. मंडला जिल्ह्यात याच जलाशयाच्या काठी चुटका येथे 700 मेगावॅटच्या दोन अणुभट्ट्या प्रस्तावित असल्याने काही कुटुंबांसमोर दुसऱ्यांदा उठण्याची वेळ आली आहे.

या लोकांचा काठाशी संबंध केवळ स्मृतीचा नाही. पावसाळ्यानंतर पाणी ओसरू लागले की उघड्या पडणाऱ्या गाळपेर जमिनीवर ते रब्बीचे पीक घेतात. डिसेंबरच्या मध्यापर्यंत पातळी पुरेशी उतरवावी, म्हणजे गहू-हरभऱ्याची पेरणी साधेल, ही त्यांची जुनी मागणी. पर्यटकाला मात्र जलाशय काठोकाठ भरलेला हवा असतो. चिखलाच्या पट्ट्यापलीकडे दूर चमकणारे पाणी पाहायला कोणी महागडे भाडे भरत नाही. पेरणीचे महिने आणि पर्यटनाचे महिने तेच. सपाट, पाण्यालगतची आणि वाहन नेता येईल अशी जमीनही तीच. कागदोपत्री ही जमीन बुडीत क्षेत्रातील, म्हणजे शासनाची असल्याने ती हंगामी परवान्यावर देणे सोपे आहे, आणि तेथे पिढीभर नांगर चालवणाऱ्याकडे दाखवायला सातबारा नाही.

महाराष्ट्रातील पवना धरणाचा काठ या संदर्भात पाहण्यासारखा आहे. मावळ तालुक्यात लोणावळ्याजवळच्या या जलाशयाभोवती गेल्या दशकात तंबूंचे मुक्काम उगवले. त्यांतील बरेच स्थानिकांनीच सुरू केले; धरणात जमिनी गेलेल्या कुटुंबांतील तरुणांना घराजवळ उत्पन्न मिळाले. त्याचबरोबर परवानगीविना वाढ, रात्रीचा कर्णकर्कश गोंगाट, काठावरचा कचरा आणि पोहायला उतरलेल्यांचे बुडून मृत्यू हेही आले. प्रशासन मागून धावत राहिले. पवनेचा धडा ‘तंबू नकोत’ असा काढला, तर तो अर्धवट ठरेल. उत्पन्न स्थानिकांच्या हाती राहिले, ही तेथील जमेची बाजू आहे. परवान्याची आणि मैला-कचऱ्याची व्यवस्था आधी झाली नाही, ही उणीव. बरगीत कंत्राट एखाद्या मोठ्या कंपनीला गेले तर कदाचित स्वच्छतागृहे चांगली होतील, पण जलाशयासाठी घर सोडलेल्या माणसाच्या वाट्याला फार तर रखवालदाराची नोकरी येईल.

मराठी वाचकाला या विषयात आणखी एक धागा ओळखीचा आहे. चाकांवरचे पर्यटन नर्मदेला नवे नाही. ते परिक्रमेच्या बसच्या रूपाने कधीचेच रुजले आहे. पुणे, नाशिक, नागपूर येथून निघणाऱ्या या बसमध्ये आचारी, शिधा, भांडी आणि अंथरुणे असतात. पंधरा-वीस दिवसांत दोन्ही तट फिरून होतात, आणि मुक्काम आश्रमांत किंवा धर्मशाळांत पडतो. जबलपूरच्या ग्वारीघाटावर हिवाळ्यात मराठी कानावर पडते ते याचमुळे. गो. नी. दांडेकर, जगन्नाथ कुंटे यांच्या लेखनाने परिक्रमा मराठी घरांत पोहोचवली. जबलपूरनिवासी अमृतलाल वेगड यांनी ती हिंदी-गुजरातीत शब्दबद्ध केली. पायी चालणाऱ्याला सदावर्तात शिधा मिळतो. बसने येणाऱ्या चाळीस ज्येष्ठ नागरिकांना पहाटे पाच वाजता हवे असते ते स्वच्छ शौचालय, गरम पाणी आणि बस वळवण्याइतकी जागा. बरगीच्या जलाशयाने काठावरची जुनी परिक्रमा वाट गिळल्यापासून या भागात मुक्कामाची ठिकाणे विरळ आहेत.

त्यामुळे कॅराव्हॅन उद्यान उभारायचेच असेल, तर ते काठापासून दूर, पूररेषेबाहेर, नागपूर-जबलपूर महामार्गालगत असण्यात अधिक अर्थ आहे. नागपूरहून सिवनी, लखनादौनमार्गे जबलपूर पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे, आणि बरगी याच रस्त्यावरून गाठता येते. तेथे मैला उपशाचे केंद्र, वीजजोडणी आणि चालकांसाठी विश्रांतिगृह झाले, तर परिक्रमेच्या बस आणि आलिशान वाहने दोहोंची सोय होईल. काठापर्यंत नेण्या-आणण्याचे, जेवणाचे आणि वल्ह्यांच्या नावांचे काम विस्थापितांच्या सहकारी संस्थांना देता येईल. 1994 च्या प्रयोगाने अशा संस्था चालू शकतात हे दाखवले होते. यात पाण्याच्या कडेला जाग येण्याचे सुख कमी होते, हे मान्य करावे लागेल. तेवढ्यासाठी पैसे मोजणारा ग्राहक मग हनुवंतियाला किंवा वागमोणला जाईल, आणि राज्याला त्या महसुलावर पाणी सोडावे लागेल.

बरगीच्या काठाबाबतचा असा कोणताही निर्णय पर्यटन विभाग एकटा घेऊ शकत नाही. जमीन नर्मदा खोरे विकास प्राधिकरणाच्या अखत्यारीत, पाण्याची पातळी जलसिंचन आणि वीजनिर्मितीच्या वेळापत्रकाने ठरणारी, मासे मत्स्य महासंघाचे, सांडपाणी प्रदूषण नियंत्रण मंडळाचे. गाळपेर करणाऱ्या शेतकऱ्याची बाजू मांडण्यासाठी या टेबलाभोवती आज खुर्ची नाही, आणि ऑक्टोबरमध्ये पाणी उतरू लागेल तेव्हा पहिला तो काठावर पोहोचलेला असेल.