वास ओलाव्याचा, बोल मात्र बाईला

ओल्या टॉवेलला कुबट वास येतो, ही गोष्ट सगळीकडे सारखीच आहे. बंगल्यातल्या टॉवेलला येतो, पत्र्याच्या खोलीतल्या टॉवेललाही येतो. बोल मात्र दोन ठिकाणी वेगळे लागतात. बंगल्यात म्हणतात, पावसाळा आहे. वस्तीकडे बोट दाखवून म्हणतात, ही माणसंच अशी. आणि तोच बोल घरात शिरला की आईवर, सुनेवर येऊन थांबतो : 'तुला साधा टॉवेल धुता येत नाही का?'

परिचारिका म्हणून आम्ही वॉर्डात काम केले, आता वस्त्यांतून आरोग्याचे काम करतो. या विषयावर आमचे मत स्पष्ट आहे. कपड्याचा वास हा ओलाव्याचा प्रश्न आहे. त्याला जात नसते आणि तो एकट्या बाईचा गुन्हाही नसतो. पण लाजेपोटी आपण कपडा झाकतो, झाकलेला कपडा ओला राहतो, आणि ओल्या कपड्यातून वासाबरोबर आजारही घरभर फिरतो. म्हणून आधी लाज सोडायची आणि मग ओलाव्याचा बंदोबस्त करायचा.

वास येतो कुठून? अंग पुसले की टॉवेलात पाण्याबरोबर घाम, तेलकटपणा आणि कातडीचे सुटलेले बारीक कण जातात. जिवाणूंचे हेच जेवण. ओल आणि ऊब मिळाली की ते झपाट्याने वाढतात आणि वास सोडतात. २०१२ साली जपानी संशोधकांनी धुतलेल्या कपड्यांच्या कुबट वासामागे मोराक्सेला ओस्लोएन्सिस नावाचा जिवाणू असल्याचे दाखवून दिले. हा जिवाणू कपडा सुकल्यावरही तग धरून राहतो. सुकलेल्या टॉवेलला वास नसतो, पण तोंड पुसून तो ओला झाला की वास परत येतो, हा आपल्या भगिनींचा रोजचा अनुभव आहे. त्याचे कारण हे.

मग घरात काय होते? वास आला की जास्त पावडर टाकली जाते. नळाला पाणी तासभर, त्यात पिण्याचे, स्वयंपाकाचे, धुण्याचे सगळे भागवायचे. दोन बादल्यांत एवढी पावडर निघत नाही. ती धाग्यात अडकते, तिच्यात मळ धरतो आणि वास आणखी लवकर येतो. सुगंधी कंडिशनरने कपडा मऊ लागतो, पण धाग्यावर थर बसून तो पाणी कमी टिपतो. वासावर वास चढवण्यात पैसे जातात, जिवाणू जागच्या जागी राहतात. पावडर कमी टाका आणि वाचलेले पाणी खळबळून काढायला वापरा.

आता लाजेचे बोलू. पाळीचे कापड आपल्या बहुतेक घरांत अजून साडीखाली, परकराखाली, नाहीतर मोरीच्या कोपऱ्यात वाळत घातले जाते. तिथे ना ऊन ना वारा. तेच अर्धवट ओले कापड पुन्हा वापरले की खाज, पुरळ आणि जंतुसंसर्ग होण्याची भीती असते. पाळीचे रक्त थंड पाण्यात आधी काढावे, मग साबणाने धुवून कापड उघड्या उन्हात वाळवावे. कोणी पाहिले तर पाहू द्या. दोरीवर बनियन वाळते, लंगोट वाळतो, तेव्हा कोणी मान खाली घालत नाही. मुलीच्या कापडालाच अंधार कशाला?

दुसरी गोष्ट, एका टॉवेलची. पाच माणसांच्या घरात दाराच्या खिळ्याला एकच टॉवेल लटकलेला आम्ही नेहमी पाहतो. सकाळी सहापासून अकरापर्यंत तो सुकतच नाही. एकाला नायटा झाला की महिन्याभरात तिघांना होतो. खरूज आणि डोळे येणे यांनाही हाच रस्ता सापडतो. मग मेडिकलमधून सांगून एखादी ट्यूब आणली जाते. त्या ट्यूबमध्ये स्टिरॉइड असेल तर खाज चार दिवस थांबते आणि नायटा आतल्या आत पसरतो. अशी कित्येक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला २०१८ पासून मनाई आहे, तरी ती मिळतात. ती घेऊ नका. सरकारी दवाखान्यात दाखवा, आणि खरूज असेल तर घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी उपचार घ्या. एकाने मलम लावायचे आणि बाकीच्यांनी तोच टॉवेल वापरायचा, याने खरूज जात नाही.

कमी पाणी, कमी जागा आणि कमी पैसा हे धरूनच करता येईल असे आम्ही सांगतो :

१. माणशी एक टॉवेल. जाड टॉवेल परवडत नसेल तर पंचा घ्या. पंचा पातळ, स्वस्त आणि तासा-दोन तासांत वाळणारा. सोलापुरी जाड टॉवेल चांगला असतो, पण पावसाळ्यात लहान खोलीत तो दिवसभर ओलाच राहतो. ओळखीसाठी प्रत्येकाच्या टॉवेलाला वेगळ्या रंगाचा दोरा घाला.

२. वापरला की घट्ट पिळा, झटका आणि पूर्ण पसरून टाका. घडी घालून किंवा एकावर एक टाकलेले कपडे मधून ओले राहतात. ओला टॉवेल बादलीत किंवा मळक्या कपड्यांच्या ढिगात टाकू नका.

३. दोन-तीन दिवसांनी टॉवेल धुवा. आठवड्यातून एकदा घरातले सुती टॉवेल एकत्र, स्वयंपाकाला न वापरायच्या पातेल्यात दहा मिनिटे उकळा. गॅस एकदाच लागतो. उकळत्या पातेल्यापासून लेकरे लांब ठेवा. गॅस परवडत नसेल तर अर्धी बादली कढत पाण्यात दोन चमचे धुण्याचा सोडा टाकून अर्धा तास भिजवा आणि चांगले खळबळा. सोड्याने हात फाटतात, म्हणून काठीने ढवळा.

४. ओटा पुसायचे, ताटे पुसायचे आणि हात पुसायचे फडके वेगळे ठेवा. ओट्याचे फडके रोज रात्री धुवून पसरा. बाळाचे कापड स्वयंपाकघरातल्या फडक्यांत मिसळू नका.

५. खरूज झालेल्या माणसाचे कपडे आणि टॉवेल गरम पाण्यात धुवून उन्हात वाळवा. जे धुता येत नाही ते प्लास्टिकच्या पिशवीत आठवडाभर बांधून ठेवा. अंगाबाहेर खरजेचा किडा दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त जगत नाही.

६. पावसाळ्यात खोलीतच दोरी बांधा, कपड्यांत चार बोटे अंतर ठेवा आणि पंख्याचा वारा लागू द्या. थोडा दमट राहिलेला टॉवेल इस्त्रीने कोरडा करा.

७. ब्लीच वापरायचे तर फक्त पांढऱ्या कपड्यावर आणि साध्या पाण्यात. ते संडास धुण्याच्या अ‍ॅसिडमध्ये किंवा व्हिनेगरमध्ये कधीही मिसळू नका. त्यातून विषारी वायू निघतो, आणि आपल्या मोऱ्या बंदिस्त असतात.

एवढी सगळी कामे बाईच्याच अंगावर टाकायला आम्ही हा लेख लिहीत नाही. ज्याने अंग पुसले त्याने टॉवेल पिळून पसरायचा, हा घराचा नियम करा. दहा वर्षांच्या मुलाला ते जमते, चाळीस वर्षांच्या बापालाही जमते. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना स्वच्छ, नेटके राहण्याचा आग्रह केला, तो आपल्या समाजाने मान ताठ करून चालावे म्हणून. त्या स्वच्छतेचा अर्थ आपण बायकांची दुप्पट मजुरी असा लावला तर तो आपला करंटेपणा ठरेल.

घरातले घरात झाले, तरी ऊन कोण देणार? झोपडीपुढे हातभर गल्ली आहे, तिच्यावर दोन्हीकडचे पत्रे आले आहेत. मुंबईत पुनर्वसनाच्या इमारतीत ३०० चौरस फुटांची खोली मिळते, पण किती इमारतींत गच्चीला कुलूप असते ते जाऊन पाहा. जिना चढून ओल्या कपड्यांची बादली वर नेली तरी दार बंद. कपडे वाळवायची जागा ही चैन नाही, नळ आणि संडास यांच्याइतकीच ती आरोग्याची गरज आहे. इमारतीचा नकाशा होतो तेव्हाच ती मागायला हवी. नंतर मागितली तर 'जागा नाही' हेच उत्तर ठरलेले. पाणी पुरेशा दाबाने आणि ठरल्या वेळी यावे, ही मागणीही याच अर्जात घाला.

म्हणून आमची विनंती आहे. येत्या रविवारी विहारात जमाल तेव्हा वंदनेनंतर दहा मिनिटे या विषयाला द्या. गच्चीची किल्ली कोणाकडे असावी ते ठरवा, पाळीपाळीने दोऱ्या वापरण्याचा नियम करा, आणि जिथे गच्ची नाही तिथे वाळवणाच्या जागेसाठी वॉर्ड ऑफिसला सह्यांचा अर्ज द्या. सह्या बायकांच्या आणि पुरुषांच्या, दोघांच्याही घ्या.