साचा कोणाचा, चीर कोणाची?

जोहे गावच्या कारखान्यात गणपतीच्या साच्याला चीर पडली, तर ती त्यातून निघणाऱ्या प्रत्येक मूर्तीवर उमटते. कारागीर मूर्ती घासून घेतो, साचा दुरुस्त करतो, नाहीतर नवा घडवतो. संगणकप्रणालीचेही तसेच: उणीव एका ठिकाणी, ठसे कोट्यवधी यंत्रांवर. मात्र तो साचा कंपनीच्या कुलपात असतो.

हे दुखणे सातासमुद्रापारचे नव्हे. २७ जून २०१७ रोजी 'नॉटपेट्या'ने मर्स्क समूहाला ग्रासले, तेव्हा याच रायगड जिल्ह्यातील जेएनपीटी बंदरातले त्यांचे टर्मिनल ठप्प झाले. युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या प्रणालीच्या अद्यतनातूनच तो शिरला (औषधाच्या बाटलीतून विष!) आणि विंडोजमधील एक उणीव व चोरलेले पासवर्ड वापरून फैलावला.

त्या उणिवेवरचे ठिगळ मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिले होते, न लावणारे दोषी, असे यावर सांगितले जाते. हे अर्धेच खरे. विंडोज एक्सपीसाठी ते सर्वांना मिळाले १३ मे रोजी, 'वॉनाक्राय'ने जगभर हाहाकार उडवल्याच्या दुसऱ्या दिवशी. तोवर एक्सपीची दुरुस्ती जादा पैसे मोजणाऱ्यांपुरती होती. म्हणजे ठिगळ अशक्य नव्हते. फुकट द्यायचे नव्हते.

कंपन्या म्हणतात, 'सपोर्ट संपला'. आम्ही व्याकरण शिकवणारी माणसे. या वाक्यातला कर्ता कोठे दडवला, हे आम्हांला विचारावेच लागते. पाऊस संपतो, सपोर्ट संपवला जातो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा नियमित सपोर्ट असाच 'संपला', आणि कितीतरी धडधाकट जुन्या यंत्रांना विंडोज ११ स्वीकारत नाही.

मुक्त प्रणाली निर्दोष असतात, असा आमचा दावा नाही. २०१४मध्ये उघडकीस आलेली ओपनएसएसएलमधील 'हार्टब्लीड' ही चूक दोन वर्षे कोणाच्या ध्यानातच आली नव्हती. पण सापडल्यावर ती दुरुस्त करायला कोणा मालकाच्या मर्जीची गरज नव्हती.

युरोपीय संघाने २०२४च्या कायद्यात सर्वसाधारणपणे किमान पाच वर्षांची सुरक्षा-दुरुस्ती उत्पादकांवर बंधनकारक केली आहे. मुख्य तरतुदी डिसेंबर २०२७पासून लागू होतील. आमची मागणी त्यापुढची आहे: दुरुस्ती थांबवायची असेल, तर साचा मोकळा करा. आणि महाविद्यालयांनी जुनी यंत्रे भंगारात काढण्यापूर्वी त्यांवर लिनक्स आणि लिबरऑफिस चढवून पाहावे. मराठी विभागाला लागते ते युनिकोड टंकलेखन तेथे बिनबोभाट चालते.